दोन बेळगाव, तीन पाटील: एका थर्मल इंजिनिअरच्या सायटेशनचा हिशोब

सरांचं खरं आडनाव इथे देत नाही. पाटील म्हणू, कारण अडचण नेमकी तीच आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात पाटील मराठी बोलणाराही असतो आणि कन्नड बोलणाराही. कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात गेलात तरी एखादा भेटतोच. सरांची ओळख पटू नये म्हणून त्यांचे आकडे थोडे बदलले आहेत, पण त्यांची आपापसातली प्रमाणं राखली आहेत.

मी बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. सर मेकॅनिकलला, विषय औष्णिक अभियांत्रिकी, म्हणजे सगळे म्हणतात तसं 'थर्मल'. नव्वदीच्या दशकात ते बी.ई. झाले तेव्हा इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ बेळगावात उभं राहिलं आणि सरांची पीएच.डी. तिथली. एका पदोन्नतीच्या अर्जासाठी त्यांना आपल्या संशोधनाचा हिशोब द्यायचा होता. अर्ज बावीस पानी, आणि त्यात एक छोटा चौकोन होता: 'एच-इंडेक्स'. तो अर्ज घेऊन सर ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "मॅडम, हा आकडा तुम्ही काढा. मी काढला तर मला हवा तोच निघणार. तुम्ही नीट बघा की ओ."

एका दुपारचं काम वाटलं होतं. त्याला अडीच महिने लागले.

ज्यांचा या आकड्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला. माणसाचे सगळे पेपर सायटेशनच्या, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी किती वेळा हवाला दिला त्या आकड्याच्या, उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. बाराव्या पेपरला निदान बारा सायटेशन आहेत, पण तेराव्याला तेरा नाहीत, तर एच-इंडेक्स बारा. एवढं सोपं असल्यामुळेच तो जगभर पसरला आणि आमच्या अर्जातल्या चौकोनात येऊन बसला.

मी दोन ठिकाणी पाहिलं. एक फुकट, सगळ्यांना खुलं असलेलं प्रोफाइल. दुसरा वर्गणी भरून मिळणारा डेटाबेस. त्यांची नावं घेत नाही, कारण पुढे जे सांगते ते थोड्याफार फरकाने सगळीकडे घडतं. फुकटच्या प्रोफाइलवर सरांच्या नावे ७१ नोंदी आणि एच-इंडेक्स १९. वर्गणीच्या डेटाबेसमध्ये २२ पेपर आणि एच-इंडेक्स ९. माणूस एक, दिवस एक, आकडे १९ आणि ९. यातला कुठला लिहायचा?

नाव आणि गाव

आधी १९ पाहिले. नोंद एकेक करून उघडली. पहिल्या तासातच मातीतल्या सेंद्रिय कर्बावरचा पेपर लागला. सर चिपाडाच्या राखेवर बोलतील, पण मृदाशास्त्रावर त्यांनी काही लिहिलेलं मला ठाऊक नव्हतं. मग पॉलिमरवरचा एक पेपर, तसाच दुसरा. आद्याक्षरं तीच, आडनाव तेच. नव्या नोंदी आपोआप जोडून घेण्याची सोय सरांनी कधीतरी चालू करून ठेवली होती आणि मागे वळून पाहिलं नव्हतं. ७१ पैकी १४ नोंदी दुसऱ्या दोन पाटलांच्या निघाल्या. सहा नोंदी दुहेरी होत्या: एकच काम एकदा परिषदेच्या संग्रहातून, एकदा नियतकालिकातून. उरल्या ५१. एच-इंडेक्स १९ वरून १६ वर आला. सरांना फोन केला तर म्हणाले, "काढून टाका. त्या पाटलांचं त्यांना जाऊ दे."

मग ९. इथे उलटा प्रकार होता, आणि तो मला जास्त लागला. २२ पेपर सगळे २०१५ नंतरचे. त्याआधीची पंधरा वर्षं सर काय करत होते? शोधता शोधता दुसरं प्रोफाइल सापडलं, त्यात ११ पेपर. मग तिसरं, त्यात ४.

कारण आमच्या शहराच्या नावात होतं. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावं बदलली आणि इंग्रजी 'बेलगाम'चं अधिकृत 'बेळगावी' झालं. मराठीत आम्ही बेळगाव म्हणत होतो, अजून म्हणतो. पण पेपरवर लेखकाच्या नावाखाली जो इंग्रजी पत्ता छापला जातो तो त्या दिवसापासून बदलला. त्याच सुमारास सरांनी नाव लिहायची पद्धतही बदलली. आधी आद्याक्षरं पुढे आणि आडनाव शेवटी असायचं. मग एका नियतकालिकाच्या सांगण्यावरून पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्याच वर्षी जुने विद्यार्थी पास होऊन गेले आणि नवे सहलेखक आले. लेखक ओळखताना यंत्र नाव, पत्ता, विषय आणि सहलेखक पाहतं. यातल्या तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, तर यंत्राने दोन माणसं समजणं स्वाभाविक आहे. तिसऱ्या प्रोफाइलमधल्या चार पेपरांवर आडनाव आणि वडिलांचं नाव उलटसुलट झालं होतं.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेत हे तपासायला माणसं नेमलेली असतात. सीमाभागातल्या कॉलेजात ते कुणाचंच काम नसतं. सरांची पंधरा वर्षं कुणी चोरली नव्हती, कुणी नाकारलीही नव्हती. 'बेलगाम' या जुन्या स्पेलिंगखाली ती नुसती पडून होती. या गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि कुणावर रागवावं हे कळत नाही म्हणून जास्त येतो.

तिन्ही प्रोफाइल जोडण्यासाठी विनंती पाठवली, पेपरांच्या पहिल्या पानांच्या प्रती तयार ठेवल्या. ऑर्किड हा संशोधकाच्या ओळखीचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून मिळतो, नाव आणि गाव बदललं तरी तो बदलत नाही. सरांकडे तो नव्हता, त्याच दिवशी काढला. तीन आठवड्यांनी एक प्रोफाइल झालं: ३७ पेपर, ६९० सायटेशन, एच-इंडेक्स १२. एकीकडे १९ चे १६, दुसरीकडे ९ चे १२. उरलेला फरक खरा आहे: फुकटचं प्रोफाइल प्रबंध, परिषदांचे संग्रह, संस्थांचे अहवाल असं बरंच मोजतं, आणि वर्गणीचा डेटाबेस निवडक नियतकालिकं धरतो.

६९० मधले ३१२

आकडा स्वच्छ झाला, पण माझं समाधान होईना. ६९० सायटेशन कुठून आली ते पाहिलं तर ३१२ एकाच पेपरची. नॅनोफ्लुइडवरचा रिव्ह्यू पेपर, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा, पाच लेखक, सर तिसरे. सरांनी त्यातला एक भाग लिहिलेला: उष्णतावाहकता मोजताना होणाऱ्या चुकांवरचा.

पाण्यात किंवा तेलात धातूचे अतिसूक्ष्म कण मिसळले की द्रव जास्त उष्णता वाहून नेतो, अशी कल्पना आहे. 'नॅनोफ्लुइड' हा शब्द १९९५ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेतल्या स्टीफन चोई यांनी रूढ केला. मग पेपरांचा पूर आला. काही प्रयोगांत वाढ इतकी मोठी दिसली की जुन्या सिद्धांतात ती बसेना. २००९ मध्ये जगभरच्या ३० हून जास्त संस्थांनी सारखेच नमुने आपापल्या उपकरणांवर मोजून एकत्र निकाल छापला. त्यात अचाट काही निघालं नाही. जुनाच सिद्धांत सांगतो तेवढीच वाढ. तरी पूर ओसरला नाही. ज्या विषयावर हजारो लोक लिहितात त्या विषयावरचा रिव्ह्यू हजारोंना प्रस्तावनेत लागतो, आणि सायटेशन तिथून येतात.

मी सरांना दाखवलं की तो एक पेपर काढला तर एच-इंडेक्स १२ चा ११ होतो, बस. म्हणजे एच-इंडेक्सला तो पेपर जवळपास दिसतच नाही: त्याला ३१२ सायटेशन आहेत की १२, त्याच्या लेखी सारखंच. आणि एकूण सायटेशनमध्ये निम्म्याजवळचा वाटा त्याच एका पेपरचा. दोन्ही आकडे एकाच माणसाचे, आणि दोन्ही मिळूनही माणूस दिसत नाही. स्वतःच स्वतःला दिलेली आणि सहलेखकांनी दिलेली सायटेशन वगळली तर ६९० ची ५९८ राहतात, शंभरात तेराच्या आसपास कमी. एकाच उपकरणावर वर्षानुवर्षं काम करणारा माणूस आपल्या आधीच्या पेपरचा हवाला देणारच. त्यात मला काही खटकलं नाही.

स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, सर 'जगातल्या दोन टक्क्यां'त आहेत का? सर्वाधिक सायटेशनवाल्या संशोधकांची ती यादी जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून काढतात आणि इथल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी नावं छापून येतात. सर त्या यादीत नाहीत. पण त्या यादीतली एक गोष्ट मला पटते: ती सहा मापं एकत्र धरते, त्यातल्या तीन मापांत लेखकाचं स्थान पाहिलं जातं (एकटा, पहिला, शेवटचा), आणि स्वतःची सायटेशन वगळूनही आकडे देते. आमच्या अर्जातला चौकोन यातलं काहीच विचारत नव्हता.

याच दिवसांत सरांनी मला डिटस-बोल्टरची गोष्ट सांगितली. थर्मलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला नळीतल्या खळाळत्या प्रवाहाचं ते समीकरण पाठ असतं. सुरुवातीचा गुणक ०.०२३. त्याखाली संदर्भ हमखास लिहिलेला: डिटस आणि बोल्टर, १९३०, कॅलिफोर्निया विद्यापीठ. १९९८ मध्ये विंटरटन नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकाने तो १९३० चा मूळ पेपर काढून वाचला. त्यात ०.०२३ नाहीच. गरम करताना ०.०२४३ आणि थंड करताना ०.०२६५ आहे. ०.०२३ हा गुणक मॅकअॅडम्स यांच्या १९४२ च्या पाठ्यपुस्तकातला. कित्येक दशकं शेकडो लोक न उघडलेल्या पेपरचा हवाला देत आले. सर म्हणाले, "मी पण माझ्या थीसिसमध्ये तेच लिहिलंय. मूळ पेपर बघितला नव्हता."

ते ऐकल्यावर मी ठरवलं की निदान एका कामाची सगळी सायटेशन उघडून बघायची.

गुऱ्हाळाचे सतरा

सरांच्या ३७ पैकी दोन पेपर गुळाच्या चुलवाणावर, म्हणजे रस उकळायच्या भट्टीवर, आहेत. दोघांची मिळून सायटेशन सतरा. सरांना विचारलं, तुमची कुठली पाच कामं सगळ्यात महत्त्वाची? त्यांनी हे दोन पहिले लिहिले. नॅनोफ्लुइडचा रिव्ह्यू यादीत नव्हता.

हे काम कळावं म्हणून मी एकदा त्यांच्याबरोबर हिरण्यकेशीच्या काठच्या एका गुऱ्हाळावर गेले. संकेश्वरच्या अलीकडे. माघातली सकाळ होती. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, साधारण पाचशे लिटर रस. त्यातलं चारशे किलोच्या आसपास पाणी उडवायचं तेव्हा गूळ होतो. एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. म्हणजे नुसत्या वाफेचे नऊ लाख किलोज्यूल, रस उकळीला आणायचे दीडेक लाख वेगळे. वाळल्या चिपाडाच्या एका किलोत पंधरा-सोळा हजार किलोज्यूल असतात. उष्णता जराही वाया गेली नाही तर सत्तर किलोत आदण, म्हणजे एक काहील गूळ, उतरायला हवं. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जळतं. उरलेली उष्णता कुठे जाते? धुराड्यातून, चुलवाणाच्या भिंतीतून, आणि तोंड उघडं ठेवल्यामुळे आत घुसणाऱ्या जादा हवेतून. ती हवा तापून तशीच वर निघून जाते.

सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच मोजलं होतं, दोन हंगाम, बारा गुऱ्हाळांवर. धुराड्यात थर्मोकपल (तापमान मोजायची तार), काहिलीच्या बुडाशी थर्मोकपल, राखेचं वजन, चिपाडाचं वजन. मग चुलवाणाच्या तोंडाला झाकण, धुराड्याला झडप, आणि जाणाऱ्या धुरावर पुढचा रस तापवायला दुसरी काहील. फार नवं काही नाही. यातलं बरंचसं इतरांनीही सुचवलं आहे. नवं होतं ते आपल्या भागातल्या चालू चुलवाणाचं पूर्ण उष्णतेचं ताळेबंद, आकड्यांसकट.

त्या सकाळी मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. विद्यार्थी तापमान वाचत होता: ११५, ११६, ११७. गुळव्या, साठीचा माणूस, त्याच्याकडे बघतही नव्हता. रसावरचे बुडबुडे बारीक झाले तशी त्याने फावड्याच्या टोकावरची धार पाण्याच्या वाडग्यात सोडली, बोटांत घेऊन गोळी वळली, ती भांड्याच्या कडेवर आपटली. 'टक्' आवाज आला. तो ओरडला, "उतरवा!" विद्यार्थ्याने वाचलेला आकडा होता ११८. सरांनी तो आकडा आणि गुळव्याने ओरडल्याची वेळ, दोन्ही वहीत टिपलं. त्यांच्या पेपरात एक तक्ता आहे, गुळव्याच्या बोटांचा निर्णय आणि थर्मोकपलचा आकडा शेजारीशेजारी ठेवलेला. मी तोवर असा तक्ता कुठे पाहिला नव्हता.

आता सतरा सायटेशन. मी प्रत्येक पेपर मिळवला. जे मिळेनात ते दुसऱ्या ग्रंथालयांकडून मागवले. एका रजिस्टरच्या पानावर रकाने आखले: नुसता उल्लेख, आकडे वापरले, पद्धत वापरली. सतरापैकी चौदा नुसता उल्लेख. 'गुळाच्या भट्ट्यांवर अनेकांनी काम केले आहे' या वाक्यामागे कंसात सात-आठ संदर्भ क्रमांक, त्यातला एक सरांचा. दोघांनी धुराड्यातल्या तापमानाचे आकडे आपल्या संगणकीय मॉडेलला पडताळायला घेतले होते. एकाने ताळेबंदाची पद्धत उसाऐवजी दुसऱ्या रसासाठी वापरली होती.

मग नॅनोफ्लुइडच्या ३१२ मधले पन्नास चिठ्ठ्या टाकून निवडले. सत्तेचाळीस नुसता उल्लेख. म्हणजे प्रत्यक्ष वापर धरला तर पन्नासात तीन, आणि गुऱ्हाळात सतरात तीन. चौकोनातल्या आकड्याने जे दाखवलं असतं ते असं पालटलं. पन्नास हा नमुना लहान आहे आणि यावरून सगळ्या विषयाबद्दल मी काही म्हणणार नाही. या एका माणसाबद्दल मात्र म्हणते: त्याचं उपयोगी पडलेलं काम त्याच्या यादीच्या तळाशी होतं.

अर्जावर काय लिहिलं

चौकोनात १२ की १६ यावर आमची चर्चा झाली. कुठला डेटाबेस हे अर्जात लिहिलेलंच नव्हतं. सर म्हणाले, कमी आहे तो लिहा. मी १२ लिहिला, शेजारी पाहिल्याची तारीख घातली आणि दोन पानी टिपण जोडलं: प्रोफाइल कसं जोडलं, स्वतःची सायटेशन वगळून किती, ३७ पैकी पहिले लेखक किती ठिकाणी (९) आणि विद्यार्थ्यांच्या मागे शेवटचे किती ठिकाणी (१५), आणि निवडक पाच कामं, प्रत्येकात सरांनी स्वतः काय केलं त्यासह. संशोधकाला नियतकालिकाच्या आकड्यावरून तोलू नका, काम वाचून तोला, असं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून सांगतो आहे. आमचं टिपण त्याच वाटेने जाणारं होतं.

अर्ज परत आला. सोबत शेरा: टिपण जोडायची तरतूद नाही, आणि इतर उमेदवारांनी फुकटच्या प्रोफाइलचा आकडा दिला आहे, तोच द्या. आम्ही १६ लिहिला. टिपण सरांनी मुलाखतीला हातात नेलं. पुढच्या वर्षी पदोन्नती झाली. कशाच्या जोरावर ते कुणी सांगितलं नाही.

सायटेशन इंडेक्सची कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ पासून तो छापून निघू लागला. त्या १९५५ च्या लेखात माणसांना गुण देण्यावर भर नाही. एखादा जुना पेपर वाचणाऱ्याला कळावं की नंतर कुणी त्यावर टीका केली, कुणी त्यातली चूक दाखवली, यासाठी ही सोय हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रंथालयशास्त्र शिकताना मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं.

गेल्या पावसाळ्यात गुऱ्हाळाच्या पेपरला अठरावं सायटेशन आलं. सवयीने पेपर उघडला. लेखकांनी सरांचं पूर्ण ताळेबंद पुन्हा मांडलं होतं आणि लिहिलं होतं की या कामात चिपाडाचा ओलावा दिवसभर एकच धरला आहे. सकाळी दवाने भिजलेलं आणि दुपारी उन्हात वाळलेलं चिपाड यांत मोठा फरक पडतो, त्यामुळे भिंतीतून जाणारी म्हणून दाखवलेली उष्णता काही अंशी ओलाव्याची आहे. मी छापील प्रत काढून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी उभ्याउभ्याच तक्ता वाचला, खाली बसले, पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "बरोबर आहे की ओ हे. आम्ही दुपारचंच मोजलं होतं."

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली तेव्हा ते दोन विद्यार्थ्यांना घेऊन संकेश्वरला गेले. परतताना गाडीच्या डिकीत प्लास्टिकच्या तोंडबांधल्या पिशव्या होत्या, पेनने लिहिलेल्या: पहाट, सकाळ, दुपार, दिवेलागण. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतली ओव्हन १०५ अंशांवर लावून ठेवायला त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी माझं रजिस्टर काढलं. अठराव्या नोंदीला तिन्ही रकाने अपुरे पडत होते, म्हणून पट्टीने चौथा आखला आणि वर लिहिलं: चूक दाखवली.